रिकाम्या बाटलीतली वाफ

बाजारात गेलो की मी आधी काटा बघतो, भाजी नंतर. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, त्याची ही खोड. हायडेलबर्गला आल्यावर पहिल्याच शनिवारी मुलगा आणि सून आम्हाला आठवडी बाजारात घेऊन गेले, तर मी तिथं श्पार्गेल विकणाऱ्या बाईच्या काट्यावर वाकून पडताळणीचा स्टिकर शोधत होतो. श्पार्गेल ही पांढऱ्या, बोटभर जाड दांड्यांची भाजी. वसंतात इथली माणसं तिच्यासाठी वेडी होतात, मला ती उकडलेल्या खडूसारखी लागते. ती बाई माझ्याकडे रोखून बघायला लागली. अनिमेष, माझा मुलगा, कानापर्यंत लाल झाला आणि प्रभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळाला हात लावला.

कादंबरी, माझी सून, मात्र माझ्या शेजारी येऊन वाकली. स्टिकर कुठं असतो, वर्ष कुठं लिहितात, सगळं तिनं दाखवलं. मग त्या बाईला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. बाई हसली आणि काट्यावरची टोपली उचलून तिनं मला शून्य दाखवलं. सून मला आवडत होतीच, पण त्या दिवसापासून ती माझ्या खात्यातली झाली.

तिचं कामही मोजायचंच. हायडेलबर्गहून तासाभराच्या अंतरावर जमिनीखाली एक प्रयोगशाळा आहे, तिथं ती पीएचडी करत होती. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनवर प्रखर प्रकाश टाकायचा, डोळ्यांना दिसत नाही असा, आणि तो आदळून कुठल्या दिशेला किती उडतो ते मोजायचं. त्यावरून कळतं की प्रकाशानं ओढल्यावर तो कण किती ताणला जातो. मला वाटलं होतं, एवढासा कण, चांगला ताणला जात असेल. ती म्हणाली, नाही बाबा, आपल्या आकारमानाच्या हजाराव्या हिश्शाइतकाही तो जागा सोडत नाही. चुंबकाच्या बाबतीत तर आणखी गंमत. कणाच्या आतून एक ओढ असते, भोवतीच्या ढगातून बरोब्बर उलटी, आणि दोघी एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात. उरतं ते चिमूटभर. ती चिमूट मोजायला साठ माणसं अनेक वर्षं खपतात, हे ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला.

तिच्या वाट्याला न्यूट्रॉन आला होता, आणि न्यूट्रॉन महा अवघड. सुटा ठेवला तर पंधरा मिनिटांच्या आसपास मोडून जातो. म्हणून तो प्रोटॉनच्या जोडीनंच घ्यावा लागतो. जड हायड्रोजन नावाचा एक प्रकार असतो, त्यात दोघं एकत्र असतात. तो थंड करून पातळ करायचा, अंगठ्याएवढ्या बाटलीत भरायचा, त्यावर प्रकाश टाकायचा आणि मग प्रोटॉनचा हिस्सा हिशोबातून काढायचा.

"म्हणजे तान्ह्या बाळाचं वजन," मी म्हटलं. "बाळ काट्यावर ठरत नाही. मग आईला बाळ कडेवर देऊन उभं करायचं, नंतर आई एकटी."

कादंबरी माझ्याकडे बघतच राहिली. "गेनाऊ, बाबा! अगदी बरोब्बर! हे मी माझ्या टॉकमध्ये वापरणार."

मला दिवसभर जमिनीवर पाय ठेवावासा वाटला नाही. प्रभा म्हणाली, आता यांना नोबेल द्या म्हणजे भाजी निवडतील.

प्रभाची एक आवडती गोष्ट आहे. कुणीही नवीन भेटलं की ती सांगते. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वजनकाटा उसाच्या गाड्या कमी तोलत होता. यांनी भर हंगामात तो सील केला, चेअरमनचा फोन आला तरी शिशाचं सील तोडलं नाही, महिन्याच्या आत थेट भंडाऱ्याला बदली झाली, पण माणूस वाकला नाही. ही गोष्ट अनिमेष दुसरीत असल्यापासून ऐकतोय. कादंबरीनं लग्नाआधीच ऐकली होती. गोष्ट खरी आहे. फक्त ती अर्धी आहे.

एप्रिलच्या शेवटी तिच्या पाकिटाचा दिवस आला. या लोकांची एक पद्धत आहे, ती कळल्यावर मी हात जोडले. मोजणी सुरू झाल्यापासूनच कॉम्प्युटर सगळ्या आकड्यांना एका गुप्त संख्येनं गुणून ठेवतो. ती संख्या पाकिटात बंद, पाकिटाच्या तोंडावर चौघांच्या सह्या, आणि पाकीट वर्कशॉपमधल्या केसलर नावाच्या मिस्त्रींच्या खणात. दोन वर्षं कादंबरी खोटेच आकडे तपासत होती आणि ते तिला माहीत होतं. का, तर पुस्तकातलं उत्तर डोळ्यांसमोर असलं की माणसाचा हात नकळत तिकडे झुकतो. सगळी तपासणी पुरी झाली, आता काही बदलणार नाही, असं ठरलं की मगच पाकीट फोडायचं. मी जन्मभर दुसऱ्यांचे काटे सील केले. हे लोक स्वतःचे डोळे सील करतात.

आम्हालाही बोलावलं होतं. इथल्या रिवाजाप्रमाणे जिचा दिवस तिनंच केक आणायचा, म्हणून कादंबरीनं सफरचंदाचा कुखेन नेला होता. तिच्या प्राध्यापक फ्राउ लिंडनर, उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात चालायचे बूट. मी त्यांना मनातल्या मनात लिंडनरबाई म्हणत असे. केसलरांनी खिशातून पाकीट काढलं, हात पुसून मग फोडलं. संख्या कॉम्प्युटरमध्ये घातली. भिंतीवर एक करडा पट्टा होता, तो सिद्धान्ताचा अंदाज. कादंबरीचा ठिपका त्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध येऊन बसला.

लोकांनी टेबलावर बोटांनी टकटक केलं, ते यांचं टाळ्या वाजवणं. लिंडनरबाईंनी कादंबरीला मिठी मारली. पंधरा दिवसांनी गार्चिंगच्या एका संस्थेतून पत्र आलं. तिथं तीन वर्षांची जागा होती आणि त्यांनी तिला गुरुवारी भाषणाला बोलावलं होतं. तिचा इथला फेरत्राग, म्हणजे नोकरीचा करार, सप्टेंबरात संपणार होता आणि त्यानंतर राहण्याचा परवानाही त्या जागेवरच ठरायचा होता. घरात सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली की हे झालंच.

त्या गुरुवारच्या आधीचा रविवार. दुपारची जेवणं झाली होती. कादंबरी प्रबंधाचं एक प्रकरण लिहीत बसली होती, त्यासाठी तिला बाटलीची एक जुनी आकृती हवी होती. तिच्या आधी तिथं काम करून गेलेल्या हायको नावाच्या मुलाची वही तिनं उघडली. बऱ्याच वेळानं मी पाणी प्यायला उठलो तर ती बाल्कनीत, वही मांडीवर, हात वहीवर पसरून बसली होती, कुणी ती ओढून नेईल अशा भीतीनं धरल्यासारखी.

काय झालं ते तिनं आम्हाला नीट समजावून सांगितलं, तशाही अवस्थेत. भरलेल्या बाटलीची मोजणी केली की रिकाम्या बाटलीचीही करावी लागते, म्हणजे बाटलीचा स्वतःचा हिस्सा वजा करता येतो. पण जड हायड्रोजन ओतून काढला तरी बाटली खरी रिकामी नसते. आत त्याचीच गार वाफ राहते. तेवढ्या वाफेची दुरुस्ती करावी लागते. कादंबरीनं ती केली होती, मोठ्या काळजीनं, आठवडाभर बसून. आणि हायकोनं चार वर्षांपूर्वी तीच दुरुस्ती मूळ प्रोग्राममध्ये घालून ठेवली होती. वहीत एका ओळीत लिहिलंही होतं. कादंबरीनं ती ओळ वाचली नव्हती.

आमच्याकडे पाहुणे आले की आमटीत मीठ दोनदा पडतं. प्रत्येकीला वाटतं दुसरी विसरली असेल. निष्काळजी घरात हे होत नाही, दोन काळजीवाहू बायका असल्या की होतं.

एक दुरुस्ती काढून तिनं हिशोब पुन्हा केला होता. ठिपका करड्या पट्ट्यातून सरकला आणि बाहेर जाऊन बसला. तेही एक वेळ चाललं असतं, पण पाकीट फुटलेलं. पाकीट फुटल्यावर आकड्याला हात लावायचा नाही, हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा नियम. लावलाच तर सगळ्यांना सांगून, जुना आकडा आणि नवा आकडा दोन्ही मांडून. आणि मग लोक कायम म्हणणार, ही ती, जिनं उत्तर बघून गणित बदललं.

अनिमेष वाईट मुलगा नाही. तो सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि बायकोवर त्याचा जीव आहे. तो म्हणाला, लपव असं मी म्हणत नाही, आल्झो, म्हणजे, फक्त शुक्रवारी सांग. गुरुवारचं भाषण होऊन जाऊ दे. एवढी वर्षं ती ओळ वहीत पडून होती, आणखी चार दिवस पडली तर काय बिघडतं? प्रभानंही मान हलवली.  त्या चार दिवसांकडे कादंबरी बघत होती हे मला दिसत होतं, आणि तिला ते हवे होते हेही दिसत होतं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही काय केलं असतं?"

आता उरलेली अर्धी गोष्ट. भंडाऱ्याला दोन वर्षं काढून माझी बदली सोलापूरकडे झाली. अनिमेष तेव्हा चौथीत होता आणि दोन वर्षांत त्याची तिसरी शाळा होती. तिथल्या एका कारखान्यात हंगामाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम ठरलेला, मंत्री येणार, आणि त्याच दिवशी सकाळी मला वजनकाट्याची पडताळणी करायची होती. आमच्या प्रमाणित वजनांचा ट्रक मोहोळजवळ बंद पडला. वजनंच नाहीत तर काटा तपासणार कशानं? मी रिकाम्या काट्यावर शून्य बघितलं. चारही कोपऱ्यांवर उभा राहून उड्या मारल्यासारखं केलं. आणि शिक्का मारला. कुणी माझा हात धरला नव्हता, कुणी धमकावलं नव्हतं, मी चहासुद्धा घेतला नाही. नुसता कंटाळा आला होता वाकायला नकार देण्याचा. मनात म्हटलं, ट्रक आला की येऊन बघू.

ट्रक सहाव्या दिवशी आला. मी गेलो नाही. गेलो असतो आणि काटा चुकीचा निघाला असता तर माझाच शिक्का मला तोडावा लागला असता. पूर्ण हंगाम त्या काट्यावर गाड्या तोलल्या गेल्या. तो बरोबर होता की नव्हता, मला आजतागायत माहीत नाही.

हे सगळं त्या बाल्कनीत माझ्या घशापर्यंत आलं. पण सुनेचे डोळे प्रभाच्या गोष्टीतल्या माणसाला शोधत होते.

"आज कळव," मी म्हटलं. आवाज अगदी निरीक्षकाचा निघाला.

तिनं मान हलवली आणि तिथंच बसून पत्र लिहिलं. साठ माणसांना, पाच देशांत. हायकोचं नाव त्यात फक्त एकदा आलं, त्यानं नोंद व्यवस्थित केली होती हे सांगायला. चूक माझी, वही मी वाचायला हवी होती, हा जुना आकडा, हा नवा. गार्चिंगलाही तेच पाठवलं. वीस मिनिटांत लिंडनरबाईंचा फोन आला. रविवारी दुपारी जर्मन माणूस फोन करतो म्हणजे घराला आग लागलेली असते किंवा ही अशी गोष्ट असते. त्या एवढंच म्हणाल्या की उद्या हायकोची वही घेऊन ये, आणि धन्यवाद.

गुरुवारी मी तिच्याबरोबर गार्चिंगला गेलो. अनिमेषला रजा मिळेना, आणि एकटीनं जाऊ द्यायला माझं मन होईना. म्युनिकपर्यंत गाडी, पुढं ऊबान, म्हणजे तिथली मेट्रो. सभागृहात मी शेवटच्या रांगेत बसलो. तिनं पहिल्याच चित्रात दोन्ही आकडे दाखवले. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारली होती, तो वाचता येईल अशी. त्यांच्या वह्यांतही असंच असतं, हे मला तिनंच मागं सांगितलं होतं. चुकलेलं गिरबटून टाकायचं नाही, खरवडायचं नाही. एक रेघ, शेजारी तारीख आणि सही.

पुढं तिनं आई आणि बाळाचं वजन सांगितलं, लोक हसले, मी छाती फुगवून घेतली. शेवटी पुढच्या रांगेतला एक म्हातारा गृहस्थ उठला आणि त्यानं इंग्रजीत विचारलं, पाकीट फोडल्यावर बदललेल्या आकड्यावर आम्ही का विश्वास ठेवायचा?

मला त्याचा राग आला. कादंबरीला आला नाही. ती म्हणाली, "ठेवू नका. आम्ही आकडे पुन्हा सील करतोय, नवीन पाकीट, आणि या वेळी तपासणी दुसरं कुणीतरी करणार. तोपर्यंत माझा कुठलाच आकडा वापरू नका."

स्वतःच्या दोन वर्षांच्या कामाबद्दल हे बोलताना तिचा आवाज हलला नाही.  माझ्या नोकरीत मी शेकडो दुकानदार, अडते, चेअरमन बघितले. आपल्याच काट्यावर आपण होऊन सील मागणारा एकही बघितला नाही, आणि त्यात मी स्वतःही आलो.

जूनमध्ये गार्चिंगचा नकार आला. पत्र सभ्य होतं. लिंडनरबाईंनी खटपट करून तिचा करार सहा महिने वाढवला, नव्या पाकिटाचं काम होईपर्यंत. त्यापुढं काय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. संध्याकाळी कादंबरी भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. डोळे लाल होते, पण ती रडून मोकळी झालेली होती.

"त्या रविवारी तुम्ही नसतात ना बाबा," ती म्हणाली, "तर मी शुक्रवारपर्यंत थांबले असते. मला माहितेय. मला तुमचा तो काटा आठवला म्हणून जमलं."

मी ताट तिसऱ्यांदा पुसलं. मला झोंबलं. तिनं माझ्या नावावर एवढी मोठी गोष्ट केली, तिची किंमत मोजली, आणि ज्या माणसाचं नाव तिनं घेतलं तो माणूस अर्धाच होता. तरीही त्या दिवशी मी बोललो नाही. सबब तयार होती, पोरगी आधीच दुखावली आहे, आज नको. ट्रक आला की बघू.

आमची परतीची विमानं जुलैत होती. त्याआधीच्या शनिवारी दुपारी लिंडनरबाईंनी आम्हाला त्यांच्या बागेत बोलावलं. झाडाखाली टेबल, चेरीचा कुखेन, केसलर मिस्त्रीही आले होते. बाईंना मराठी येत नाही, प्रभाला जर्मन येत नाही, तरी दोघी अर्ध्या तासात एकमेकींच्या गुडघेदुखीपर्यंत पोचल्या. मग बाईंनी कौतुकानं कादंबरीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. कादंबरीनं सांगितलं, त्या विचारतायत की हे धैर्य कुठून आलं. आणि प्रभानं सरसावून बसत आपली गोष्ट सुरू केली. कादंबरी जर्मनमध्ये सांगत गेली. काटा, सील, चेअरमनचा फोन, भंडारा. केसलर मान डोलवत होते. शिशाच्या सीलचं त्यांना विशेष कौतुक वाटलं.

"पण माणूस वाकला नाही," प्रभानं शेवट केला.

"वाकला," मी म्हटलं. "कादंबरी, आता मी सांगतो ते सांग. जसंच्या तसं."

मी एकेक वाक्य सांगत गेलो. सोलापूरकडचा कारखाना. ट्रक मोहोळला बंद पडला. वजनं नव्हती. मी शिक्का मारला. पहिली दोन वाक्यं तिनं सहज सांगितली. तिसऱ्याला ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. अनिमेषनं हातातला काटाचमचा बशीत ठेवला. प्रभा म्हणाली, "अहो, काय हे?" मी म्हटलं, होऊ दे.

कादंबरी पुढं सांगू लागली. मला जर्मन येत नाही, पण तीन महिन्यांत एवढं कळायला लागलं होतं की माणूस शब्द गुळगुळीत करून सांगतोय की नाही. तिनं एकही शब्द मऊ केला नाही. ट्रक सहाव्या दिवशी आला. मी गेलो नाही. जाता आलं असतं. मी गेलो नाही. तिचा आवाज गार्चिंगमध्ये होता तसाच होता, फक्त डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत.

 प्रभा माझ्याकडे न बघता बशीतल्या चेरीच्या बिया एका बाजूला करत होती. मग लिंडनरबाईंनी एकच प्रश्न विचारला, अगदी साधेपणानं, कामाची गोष्ट विचारावी तसा.

कादंबरीनं मराठीत सांगितलं, "त्या विचारतायत, काटा किती चुकत होता?"

"तुझ्याकडे दोन आकडे होते," मी तिला म्हटलं. "माझ्याकडे एकही नाही. आता कधी मिळणारही नाही."

तिनं माझा हात टेबलावर आपल्या हाताखाली धरला आणि तेही त्यांना जसंच्या तसं सांगितलं.